जळवा संपल्या तेव्हा

संत मार्काच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री आपल्याला भेटते. तिच्या श्रद्धेवर आम्ही वेदीवरून अनेकदा प्रवचन केले आहे. तिने उपचारांवर केलेल्या खर्चाकडे मात्र आमचे लक्ष फार उशिरा गेले. मार्क स्पष्टच सांगतो, की ती एकामागून एक वैद्य करीत गेली, त्यांच्या हातून तिचे हालच झाले, गाठीचा पैसा संपला आणि दुखणे मात्र बळावले. हीच कथा संत लूकही सांगतो. परंतु दुखणे बळावल्याचा उल्लेख त्याच्याकडे नाही. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लूक वैद्य असल्याचे म्हटले आहे. व्यवसायबंधूंची लाज त्याने राखली असावी, असे सेमिनरीत आमचे बायबलचे प्राध्यापक मिस्कीलपणे म्हणत आणि सारा वर्ग हसे.

ते हसणे आम्हांस गेल्या पावसाळ्यात आठवले. रात्री अकराच्या सुमारास रुग्णाभ्यंगासाठी बोलावणे आले. आमच्या धर्मग्रामातील चौऱ्याऐंशी वर्षांचे एक शेतकरी एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात एकोणीस दिवस होते. नाकात नळी, घशात नळी, मनगटाला सलाईन. कपाळावर तेल लावायला मोकळी जागा शोधावी लागली. बाहेर आलो तर त्यांचा थोरला मुलगा भिंतीला टेकून उभा होता. ‘‘फादर, वाडी विकायला काढलीय,’’ तो म्हणाला. ‘‘डॉक्टरांना विचारलं, बाबा उठतील का? ते म्हणाले, प्रयत्न करू. घरी नेऊ का म्हणावं, तर लोक म्हणतील, पैशासाठी बापाला मारलं. तुम्ही सांगा.’’

आम्ही काहीच सांगितले नाही. ‘प्रार्थना करू’ एवढे म्हटले आणि छत्री उघडून निघालो. विसाव्या दिवशी ते गृहस्थ वारले. वाडी गेली.

वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. इतिहास हा आवडीचा विषय. म्हणून त्या रात्री जे उत्तर देता आले नाही, ते आम्ही इतिहासात शोधू लागलो. अतिउपचार हे आजच्या यंत्रयुगाचे अपत्य आहे, अशी आमची समजूत होती. ती चुकीची निघाली.

प्रथम जवळचे उदाहरण घेऊ. गोव्यातील राजाचे इस्पितळ, म्हणजे पोर्तुगीजांचे ‘ओस्पिताल रेआल’, हे आशिया खंडातील युरोपीय धर्तीच्या सर्वांत जुन्या रुग्णालयांपैकी एक. सतराव्या शतकाच्या आरंभी ते येशूसंघीयांच्या देखरेखीखाली होते. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ मध्ये कैदी म्हणून आणि आजारी अवस्थेत तेथे आणला गेला. तेथील स्वच्छता, बिछाने, जेवणाची भांडी आणि सेवा पाहून तो इतका भारावला, की जगात असे दुसरे इस्पितळ नसावे असा अभिप्राय त्याने लिहून ठेवला. पुढे चाळीसेक वर्षांनी ताव्हेर्निए हा दुसरा फ्रेंच माणूस, रत्नांचा व्यापारी, गोव्यास आला. १६७६ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात चित्र पालटलेले आहे. व्यवस्थापक बदलल्यापासून रुग्णांची आबाळ होते आणि आत गेलेले पुष्कळसे युरोपीय थडग्याच्या वाटेनेच बाहेर पडतात, असे तो लिहितो. पण आमचे लक्ष वेधले ते पुढच्या मजकुराने. वारंवार शीर तोडून रक्त काढण्याचे गुपित तेथे अलीकडेच गवसले आहे, असे तो सांगतो. दूषित रक्त निघत आहे तोवर, प्रसंगी तीस-चाळीस वेळाही, रक्त काढावयाचे. सुरतेस असताना त्याच्यावरही हा प्रयोग झाला होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ताव्हेर्निए या उपचाराबद्दल तक्रार करीत नाही. दूषित रक्त गेले की रोगी धोक्याबाहेर येतो, अशी त्याची पक्की खात्री आहे. तो वाचला, आणि वाचण्याचे श्रेय त्याने सुरीला दिले. जे वाचले नाहीत त्यांना प्रवासवर्णन लिहिता आले नाही. अतिउपचाराचा हा हिशेब नेहमीच असा एकतर्फी राहत आला आहे.

रक्तमोक्षण ही काही केवळ युरोपची चाल नव्हती. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत जळवांचे बारा प्रकार वर्णिले आहेत, त्यांपैकी सहा विषारी आणि सहा निर्विष. शिवाय रक्त कोणाचे काढावे आणि कोणाचे काढू नये, याचाही विचार आहे. हा ‘कोणाचे काढू नये’ भाग एकोणिसाव्या शतकातील पॅरिस विसरले.

त्या शहरात फ्रांस्वा ब्रुसे नावाचा एक वजनदार वैद्य होता. नेपोलियनच्या सैन्यात त्याने चाकरी केली होती. पुढे व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात तो अध्यापक झाला. त्याचा सिद्धांत सुटसुटीत होता. बहुतेक सगळ्या रोगांचे मूळ दाह, आणि दाहाचे माहेरघर जठर व आतडी. तेव्हा पोटावर जळवा लावाव्यात आणि रोग्याला उपाशी ठेवावे. एका वेळी तीस-चाळीस, कधी पन्नासही जळवा लागत. त्याच्या व्याख्यानांना गर्दी लोटे. फ्रान्समधल्या पाणथळ जागा पुरेनात म्हणून परदेशांतून आयात सुरू झाली, आणि १८३३ या एका वर्षात चार कोटींहून अधिक जळवा फ्रान्समध्ये आल्याची नोंद आहे. हंगेरी, बोहेमिया, रशिया, तुर्कस्तान अशा प्रदेशांतून ओल्या पिशव्यांत भरून त्या येत. जळवा गोळा करणारी गरीब माणसे, त्यांत बायका पुष्कळ, गुडघाभर पाण्यात उघड्या पायांनी उभी राहत आणि पायांना चिकटलेल्या जळवा सोडवून विकत. बोर्दोच्या परिसरात जळवांची शेती निघाली, तेव्हा म्हातारे घोडे डबक्यांत उतरवून जळवांना रक्त पाजीत. ज्याने आयुष्यभर गाडी ओढली त्या जनावराचा हा शेवट वाचून आम्ही पुस्तक काही वेळ मिटून ठेवले.

मग जळवा संपू लागल्या. वर्ड्‌स्वर्थ या इंग्रज कवीची जळवा वेचणाऱ्या म्हाताऱ्यावरील कविता १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील म्हातारासुद्धा जळवा पूर्वीसारख्या मिळत नाहीत अशी तक्रार करतो. हॅनोव्हरच्या राज्याने १८२३ मध्येच त्यांच्या निर्यातीला आळा घातला. रशियाने १८४८ मध्ये मे ते जुलै हा वेचणीसाठी बंदीचा काळ ठरवून दिला. आमच्या कोळी बांधवांना पावसाळ्यातील मासेमारीबंदी ठाऊक आहे, तोच प्रकार. ब्रिटनमध्ये तर विसाव्या शतकाच्या आरंभी औषधी जळू नामशेष झाली असेच धरले गेले, आणि पुढे १९७० च्या सुमारास ती काही तळ्यांत पुन्हा सापडली. तळी आटविण्याचे आणि पाणथळी बुजविण्याचे पाप त्यात होतेच. पण एका उपचाराच्या हव्यासापोटी खंडभरातील तळी उपसली गेली, हे खरे. औषधालाही निसर्गातून काही घ्यावे लागते आणि ते संपू शकते, हा धडा दोनशे वर्षांपूर्वीचा आहे.

ब्रुसेला रोखणारा माणूस वक्ता नव्हता. पिएर लुई हा तरुण वैद्य काही वर्षे रशियात होता. तेथे घटसर्पाच्या साथीत मुले डोळ्यांदेखत मरताना त्याने पाहिली, आणि आपल्याला काही येत नाही याची त्याला खूण पटली. पॅरिसला परतून त्याने व्यवसाय सोडला. पुढची काही वर्षे रुग्णालयात विनावेतन राहून तो एकेका रोग्याची टिपणे काढीत बसला. १८३५ मध्ये रक्तमोक्षणावरचे त्याचे पुस्तक आले. त्यात फुप्फुसदाहाच्या ७७ रोग्यांचा हिशेब आहे. दुखण्याच्या पहिल्या चार दिवसांत ज्यांचे रक्त काढले, त्यांतील सुमारे ४४ टक्के मेले. पाचव्या ते नवव्या दिवशी ज्यांचे काढले, त्यांतील २५ टक्के. लवकर रक्त काढलेल्यांपैकी जे वाचले ते सरासरी तीन दिवस आधी बरे झाले, हेही लुईने प्रामाणिकपणे नोंदविले. त्याची पद्धत आजच्या कसोटीला उतरणार नाही. रोगी थोडे, दोन्ही गट सारखे होते की नव्हते हेही सांगता येत नाही. तरीही विद्वत्तापूर्ण सिद्धांतासमोर मेलेल्यांची आणि जगलेल्यांची मोजदाद मांडण्याचे हे धैर्य मोठे होते. वैद्यांनी त्याच्यावर टीका केली, ती अशी की रोगी म्हणजे काही आकडे नव्हेत. हे वाक्य ऐकायला फार भूतदयेचे वाटते. पण त्या वेळी भूतदया मोजणाऱ्याच्या बाजूला होती, असे आमचे मत आहे.

याच काळात, १८३२ मध्ये, पटकीची साथ युरोपभर पसरली. ज्या रोगात देहातले पाणी ओसरून माणूस सुकतो, त्यातही रक्त काढीत होते. एडिंबरोजवळच्या लीथ बंदरात टॉमस लाटा या डॉक्टरने उलटे करून पाहिले. विल्यम ओशॉनेसी या तरुण आयरिश वैद्याने पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासून त्यातले पाणी आणि क्षार घटल्याचे दाखविले होते. (हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास आला आणि त्याने हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे घातले, माणसे त्या काळी किती आयुष्ये जगत!) लाटाने मरणपंथाला लागलेल्या एका वृद्ध स्त्रीच्या शिरेत खारे पाणी सोडले. ती बोलू लागली, हातपाय गरम झाले. लाटा निघून गेला, जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा दिले गेले नाही, आणि ती काही तासांत वारली. आपण ज्याला आज ‘सलाईन’ म्हणतो त्याचा जन्म हा असा आहे. त्या वेळी तो अतिरेक नव्हता. उलट पुरेसा दिला गेला नाही म्हणून जीव गेला.

या सलाईनची पुढची कथा आपल्या देशातली आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित बंगालमध्ये आले. सरहद्दीवरील बनगावच्या छावणीत पटकी पसरली. इस्पितळातील जमिनीवर माणसे पडलेली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधवून घेतल्या. पाण्यात मिसळून आईने मुलाला, बायकोने नवऱ्याला पाजावयाचे. डॉक्टर नको, सुई नको. जेथे शंभरांतील तीसजण दगावत होते, तेथे हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. पुढे १९७८ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने हा शोध शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, अशा आशयाचे संपादकीय लिहिले. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळाले.

आणि आमच्या गावांत काय चालते? जुलाब नसलेला, पाणी पिऊ शकणारा माणूस अशक्तपणा आला म्हणून दवाखान्यात जातो आणि ‘एक बाटली चढवा’ असे सांगतो. डॉक्टरांनी नकार दिला तर दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढतो. येथे आम्हांसही कबुली दिली पाहिजे. एका पवित्र सप्ताहात, उपास आणि प्रवचनांनी थकून, आम्ही स्वतः असेच झालो होतो. ‘‘फादर, झोपा आणि पेज प्या,’’ असे डॉक्टर म्हणाले. आम्ही रुसलो. शेवटी त्यांनी बाटली लावली, आणि पास्काच्या रविवारी तरतरी आली तिचे श्रेय आम्ही बाटलीला दिले. ताव्हेर्निएला हसण्याचा आम्हांस काय अधिकार?

अतिउपचार सुशिक्षितांत कमी असतो, असे कोणी म्हणेल. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेचा इतिहास याच्या अगदी उलट सांगतो. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत न्यूयॉर्कच्या शाळांतील अकरा वर्षांच्या हजार मुलांची तपासणी झाली होती. त्यांतील ६११ मुलांच्या टॉन्सिल आधीच काढलेल्या होत्या. उरलेली ३८९ मुले शाळेच्या डॉक्टरांना दाखविली; त्यांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सांगितली. राहिलेली २१५ मुले, ज्यांना नुकतेच ‘गरज नाही’ असे सांगण्यात आले होते, ती दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेली. त्यांनी ९९ मुले काढली. राहिलेल्या ११६ मुलांना तिसऱ्यांदा दाखविले, तर ५१ मुलांना शस्त्रक्रिया हवी असे निघाले. अखेर ६५ मुले उरली. चौथ्यांदा दाखविली असती तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनी करावी. यांत कोणी लबाड नव्हता. समोर मूल आले, की सुमारे निम्म्यांत दोष दिसावयाचाच, अशी नजर घडलेली होती.

इंग्लंडमध्ये डॉ. ॲलिसन ग्लोव्हर यांनी १९३८ मध्ये याच विषयावर निबंध वाचला. शेजारशेजारच्या गावांत, सारखीच हवा आणि सारखीच मुले असताना, टॉन्सिल काढण्याच्या प्रमाणात अनेक पटींचा फरक होता. श्रीमंतांच्या मुलांवर ही शस्त्रक्रिया गरिबांच्या मुलांपेक्षा अधिक होई. लंडनजवळच्या हॉर्नसी येथे शाळांचे वैद्यकीय अधिकारी बदलले, आणि १९२८ मध्ये १८६ असलेल्या शस्त्रक्रिया पुढच्या वर्षी १२ वर आल्या. मुलांचे त्यामुळे काही बिघडले नाही. या शस्त्रक्रियेत दरवर्षी काही मुले मरत, हे ग्लोव्हर यांनी आकड्यांनिशी मांडले होते. म्हणजे घसा दुखतो म्हणून नेलेले मूल परत येत नसे, आणि त्या आईबापांनी पैसे मोजलेले असत.

अशा पार्श्वभूमीवर इव्हान इलिच हे नाव घ्यावे लागते. १९२६ मध्ये व्हिएन्नात जन्मलेले इलिच १९५१ मध्ये रोम येथे धर्मगुरू झाले, न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोहून आलेल्या गरिबांच्या धर्मग्रामात त्यांनी सेवा केली, आणि व्हॅटिकनशी खटके उडाल्यावर १९६९ मध्ये त्यांनी पौरोहित्याची सेवा सोडली. वैद्यकव्यवस्था हीच आरोग्याला मोठा धोका बनली आहे, असे खळबळजनक प्रतिपादन करणारे त्यांचे पुस्तक १९७५ मध्ये आले. सेमिनरीत ते हातोहात फिरे. दुःख सोसण्याची, वृद्ध होण्याची आणि मरण्याची माणसाची उपजत शक्तीच ही व्यवस्था हिरावून घेते, हे त्यांचे म्हणणे आम्हांस तेव्हा पोरकट वाटले होते. त्या अतिदक्षता विभागाच्या दारात ते तितकेसे पोरकट वाटले नाही. तरी इलिच यांना आम्ही पूर्ण मान देऊ शकत नाही. लसी, क्षयाची औषधे, बाळंतपणातील रक्तस्राव थांबविणारे इंजेक्शन यांनी वाचविलेले जीव त्यांच्या तराजूत फार हलके पडले. बेन सिराच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा आणि भूमीतून उपजणाऱ्या औषधांचा आदर करावयास सांगतो. तोही पवित्र शास्त्राचाच भाग आहे.

आदर ठेवूनही बीडची गोष्ट सांगावीच लागेल. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मराठवाड्यात ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर फेडायची. एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे मजुरी बुडून वर दंड. मासिक पाळी हाही मग खाड्याचा धोका ठरतो. पांढरे पाणी जाते, पोट दुखते, म्हणून बाई खासगी दवाखान्यात गेली, की कर्करोगाची भीती घालून गर्भपिशवी काढण्याचा सल्ला मिळे. २०१९ मध्ये राज्य शासनाने श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत चाळिशी न गाठलेल्या बायका पुष्कळ होत्या. साध्या जंतुसंसर्गावरची गोळी या बाईला वेळेवर मिळत नाही, शेताजवळ आडोसा किंवा पाणी मिळत नाही, आणि शस्त्रक्रिया मात्र कर्ज काढून मिळते. एकाच देहावर उपेक्षा आणि अतिरेक या दोन्ही गोष्टी कशा नांदतात, याचे याहून दारुण उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

जळवांच्या तळ्यांकडे पुन्हा वळू, कारण त्या गोष्टीला आपल्या काळातही जोड आहे. डायक्लोफिनॅक हे अंगदुखीवरचे स्वस्त औषध. गुरांना ते सढळपणे टोचले जाऊ लागले. मेलेल्या गुराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले. भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. पण पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात हजारात एकापर्यंत घसरली होती. मुंबईच्या मलबार टेकडीवरील पारशी बांधवांच्या दखम्यांवर गिधाडे येईनाशी झाली आणि एका समाजाचा अंत्यसंस्कारच अडचणीत आला. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून औषध गुरांकडे वळविले जाई, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्यांचा आकार एका मात्रेपुरता करावा लागला.

आता तर दवाखान्याचा धूरही मोजला जातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार, पृथ्वीला तापविणाऱ्या वायूंपैकी सुमारे ४.४ टक्के वायू आरोग्यसेवेच्या वाट्याचे आहेत. भूल देण्याचा डेसफ्लुरेन नावाचा वायू वजनास वजन धरता कर्बवायूच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता धरून ठेवतो, आणि तेच काम करणारे दुसरे वायू उपलब्ध आहेत. स्कॉटलंडच्या सरकारी रुग्णालयांनी २०२३ मध्ये तो वापरणे थांबविले, इंग्लंडने त्यापाठोपाठ. रोग्याला यांतले काहीच कळले नाही. तो पूर्वीसारखाच झोपला आणि पूर्वीसारखाच जागा झाला.

लुईची मोजदाद आज मुंबईतही चालते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० स्त्रियांची पाहणी करून २०१५ मध्ये दाखविले, की स्तनाचा कर्करोग शरीरात अन्यत्र पसरला असेल तर स्तन काढल्याने आयुष्य वाढत नाही. तोवर अशा कित्येक बायकांनी ती शस्त्रक्रिया आशेने सोसली होती. कर्करोगात कोणते दहा उपचार टाळावेत याची यादी तेथील डॉक्टरांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये निघाली. २०२२ मधील एक प्रयोग तर आम्हांस विशेष हृद्य वाटला. निव्होलुमॅब हे कर्करोगावरचे अत्यंत महाग औषध. त्याची नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅमच्या घरात असते. ती आपल्याकडे फार थोड्यांना परवडते. टाटाच्या डॉक्टरांनी डोके व मान यांच्या बळावलेल्या कर्करोगात इतर गोळ्यांच्या जोडीला केवळ २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षाअखेर सुमारे १६ टक्के हयात होते. ही छोटी मात्रा मिळालेल्यांपैकी ४३ टक्के. पूर्ण मात्रेशी तुलना त्यात नव्हती, हे सांगितले पाहिजे. पण काहीच न मिळणे आणि भरमसाट देणे यांच्या मध्ये एक पायरी आहे, ती त्यांनी शोधली.

अशीच पायरी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० पासून जामखेडला बांधली होती. वेल्लोरला शिकलेले आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले हे दोघे त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी गावात आले आणि अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या, बहुतांशी दलित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी, गरोदर बाईची तपासणी, पिण्याचे पाणी, आणि कोणाला मोठ्या दवाखान्यात खरोखर न्यायला हवे याची पारख ही त्यांची विद्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडला रुग्णालयही आहे, शस्त्रक्रियाही होतात. आरोळ्यांनी त्या नाकारल्या नाहीत. त्यांनी आधी काय करायचे याचा क्रम लावला.

वाडी विकलेल्या त्या घरी आम्ही या वर्षी घर-आशीर्वादाला गेलो. म्हातारी आई खाटेवर बसली होती. तिच्या उशाशी पूर्वी एक फुगलेली प्लास्टिकची पिशवी असे; तीन डॉक्टरांच्या मिळून अकरा प्रकारच्या गोळ्या तीत असत, आणि कोणती कशासाठी हे कोणालाच ठाऊक नव्हते. चक्कर येऊन ती दोनदा पडली होती. गावातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईने ती पिशवी अंथरुणावर उपडी केली आणि अर्धा तास बसून, मुलाला विचारीत विचारीत, सात प्रकारच्या गोळ्या बाजूला काढल्या. एकदम नव्हे, आठवड्याला एक-दोन अशा. चार ठेवल्या. तपासणीचे तिने पन्नास रुपये घेतले.

‘‘फादर,’’ मुलगा दारापर्यंत पोचवायला आला तेव्हा म्हणाला, ‘‘त्या रात्री तुम्ही काहीच बोलला नव्हता.’’

आम्ही हो म्हटले. मग दोघे अंगणातल्या बाकावर बसलो, आणि आईच्या वेळी काय करायचे आणि काय करायचे नाही, हे आईलाच आत बोलावून विचारू या का, असे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘तिला आत कशाला बोलवायचं? तीच म्हणते कधीची, इथं बाहेर बसायचंय.’’ त्याने तिला हाताला धरून आणले. सुपारीच्या सावलीत बसून ती पाऊण तास बोलली.